दहा रुपयांची बाटली आणि सहाव्या वर्षीची दाढ

वेल्ह्यातून केळदच्या दिशेनं निघालं की रस्ता तोरणा पाठीशी ठेवून कानंद खोऱ्यात आत आत शिरत जातो. पासली या वाटेवरचं गाव. पुढे केळद, मढे घाट, लक्ष्मी धबधबा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला टपऱ्या उभ्या राहतात. भाजलेली कणसं, कांदाभजी, चहा आणि वेफर्सच्या माळांखाली ओळीनं मांडलेल्या रंगीत बाटल्या. पर्यटक पितात आणि निघून जातात. बाटल्या मात्र गावच्या दुकानात वर्षभर राहतात आणि आडवारी त्यांचं गिऱ्हाईक असतात आपलीच मुलं.

वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. या तालुक्यातल्या आणि शेजारच्या भोरमधल्या डोंगरी गावांतल्या आईवडिलांशी, आजी-आजोबांशी मला मुलांच्या दातांबद्दल बोलायचं आहे. इथं दात दुखला तर डॉक्टर वळणावर बसलेला नसतो. वेल्हे, नसरापूर, भोर किंवा थेट पुणं गाठावं लागतं. लावणीच्या दिवसांत तर एका दाढेपायी घरातल्या दोन माणसांचा दिवस मोडतो. म्हणून मूल रडायला लागण्याआधी घरात काय करता येईल, ते कळणं इथं शहरापेक्षा जास्त गरजेचं आहे.

दाढेत किडा असतो आणि रिंगणीच्या बियांची धुरी दिली की तो बाहेर पडतो, ही समजूत अजून गेलेली नाही. दाढेत किडा नसतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू प्रत्येकाच्या तोंडात असतात आणि ते दातांवर चिकट पांढरट थर धरून बसतात. आपण साखर खाल्ली की तेही ती खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कडक कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतं. हे साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, आणि विरघळलेली खनिजं दातात परत भरायला लागते. याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. भातखाचराचा बांध एकदा फुटला तर शेतकरी चिखल लावून तो पुन्हा बांधतो. पण दर तासाला लोंढा येत राहिला तर बांध टिकायचा कसा? लाळेचं नेमकं हेच होतं.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मुलानं दिवसात किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, यावर दाताचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू दाताला त्रास देतो, पण थोडा वेळ. तोच लाडू दिवसभर कुरतडत खाल्ला तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही.

हे फार जुन्या प्रयोगातून कळलेलं आहे. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म इथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत १९४५ नंतरची काही वर्षं रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड देऊन त्यांच्या दातांवर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना साखर जेवणासोबत दिली त्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या त्यांचे दात झपाट्यानं किडले. ज्यांना स्वतःची संमती देता येत नव्हती अशा माणसांवर केलेला तो प्रयोग अन्यायाचाच होता आणि आज कुणी तो करू देणार नाही. पण त्यांनी सोसलं त्यातून कळलेली गोष्ट आपण आपल्या मुलांसाठी वापरली नाही, तर तो दुसरा अन्याय होईल.

आता आपल्या घरातल्या मुलाचा एक दिवस मोजून बघा. उठल्या उठल्या कपभर गोड चहा, त्यात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं किंवा बटर. वडील शेतातून येतात, चूल पेटलेलीच असते, पुन्हा चहा होतो आणि बशीतला दोन घोटांचा वाटा पोराला मिळतो. शाळेच्या वाटेवर ‘पेप्सी’, म्हणजे प्लास्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत साखरपाणी, जे दातानं टोक तोडून मूल पंधरा-वीस मिनिटं चोखत राहतं. मधल्या सुट्टीत गोळ्या. शाळेतून आल्यावर चहा. संध्याकाळी कुणी पाव्हणा आला तर त्याच्यासोबत पुन्हा चहा-बिस्कीट, किंवा त्यानं खास पोरांसाठी आणलेली बाटली. झोपताना गोड दूध. सात वेळा झालं. प्रत्येक वेळेला अर्धा तास धरला तरी रोज साडेतीन तास त्या लेकराचे दात आम्लात भिजत असतात. आणि आई म्हणते, आमचा पोरगा चॉकलेटं फार खात नाही हो. ती खोटं बोलत नसते. आपण चहाला गोड पदार्थात धरतच नाही.

म्हणून बाटलीच्या आधी चहाबद्दल बोलतो. आपल्या डोंगरी भागातलं मुलांचं पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा घेतलं जाणारं गोड पेय चहाच आहे. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली याबद्दल सरळ शिफारस केली आहे: पाच वर्षांखालच्या मुलाला चहा-कॉफी देऊ नये, पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसात अर्धा कप पुरे, दहाच्या पुढे अठरापर्यंत एक कप. ही मर्यादा मुख्यतः चहातल्या कॅफिनसाठी आहे, साखरेचा विचार त्याहून वेगळा. शिवाय चहामुळे भूक मरते आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे नुकसान वेगळंच.

घरात ही गोष्ट एकदम बदलत नाही, आणि बदलायची घाई केली तर आजी आणि सुनेत खटका उडतो. पुढच्या सोमवारपासून मुलाच्या कपातली साखर अर्धा चमचा कमी करा. आठ-दहा दिवसांनी आणखी अर्धा. जिभेला सवय लागते. मुलांच्या जिभेला तर मोठ्यांपेक्षा लवकर. दुसरं, सकाळचा चहा भाकरीबरोबर द्या. चहा-भाकरी खाऊन मूल उठलं की ते जेवण झालं, विषय संपला; त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत फक्त पाणी. बिस्किटाचा ओला लगदा दाढांच्या खाचांत तासभर चिकटून बसतो, भाकरी तशी बसत नाही. तिसरं, मोठ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या चहात लहानांचा वाटा ठेवू नका. बशीतले दोन घोट दाताच्या हिशेबात पुऱ्या कपाएवढेच असतात, कारण आम्लाचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दूध बिनसाखरेचं देता येतं. म्हशीचं दूध मुळात गोडसर असतं. पहिल्यापासून साखर घातली नाही तर मूल ती मागतही नाही. दुधात घालायच्या चॉकलेटी भुकट्यांवर पैसे घालवू नका. त्यांतल्या बऱ्याचशांत साखरेचा वाटा मोठा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, ते उगाच नाही.

आता बाटली. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. दहा रुपयांची २०० मिलिलिटरची बाटली म्हणजे वीस ग्रॅमच्या वर, चहाचे चार चमचे भरून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम सोळा-सतरा ग्रॅम. एका छोट्या बाटलीत दिवसाचा कोटा ओलांडला जातो. त्यात कोलाचा स्वतःचा सामू अडीचच्या आसपास असतो. म्हणजे जिवाणूंनी आम्ल तयार करण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही, ते बाटलीतूनच येतं. साखर नसलेला कोलाही या एका कारणानं दाताला वाईटच.

आंब्याच्या पेयाबद्दल लोक फार गाफील असतात. चित्रावर हापूस, नावात आंबा, म्हणून आई ते विश्वासानं देते. नियमानुसार अशा ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये फळाचा भाग किमान दहा टक्के असला तरी चालतो, बाकीचं पाणी आणि साखर. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला असतो. त्यात ‘टोटल शुगर्स’ आणि ‘ॲडेड शुगर्स’ या ओळी शोधा, आकडा दर १०० मिलिलिटरचा असेल तर २०० च्या बाटलीसाठी दुप्पट करा आणि आलेल्या ग्रॅमना पाचानं भागा. तेवढे चमचे साखर त्या बाटलीत आहे. पाचवीतला मुलगा हा हिशेब करू शकतो, आणि मी सांगतो, त्यालाच करायला लावा. स्वतः काढलेलं उत्तर मूल आईच्या दटावणीपेक्षा जास्त मानतं. किमतीनंही फसू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, तेव्हा कोलावर चाळीस टक्के कर राहिला आणि वायू नसलेल्या फळांच्या पेयांवरचा बारावरून पाच टक्क्यांवर आला. पण कर कमी झाला म्हणून त्यातली साखर दाताला चांगली झाली नाही.

एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर ते मुलांसाठी नाही असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. तरी वीस रुपयांत ती शाळकरी पोरांच्या हातात दिसते. ती मुलाला अजिबात द्यायची नाही, एवढं सांगून पुढे जातो.

जुलाबातल्या साखरपाण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथं चूक जिवावर बेतू शकते. मुलाला जुलाब झाले की दुकानातून ‘ओआरएस’ म्हणून खोक्यातलं गोड पेय आणलं जायचं. खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं; दुकानातल्या अशा पेयांत साखर याच्या कित्येक पट असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी काही वर्षं याविरुद्ध लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी केली. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी एक लिटर पाण्यात कालवायची, तीच खरी. जुलाबात ती हवी तितक्या वेळा द्या. तेव्हा दातांचा विचार करायचा नाही.

गूळ, काकवी, मध चालेल का, असं हमखास विचारलं जातं. दातावरचे जिवाणू साखर आणि गूळ यांत भेद करत नाहीत. उसाचा रसही त्यांना तितकाच आवडतो. लिंबू सरबत आणि कोकम सरबतात आंबट आणि गोड दोन्ही एकत्र येतं. सणासुदीला, जेवणासोबत, एका बैठकीत पिऊन संपवावं, दिवसभर घोट घोट घेऊ नये. आंबट पेय प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. कवच तेव्हा मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. फळाची गोष्ट वेगळी. करवंदं, जांभळं, आंबा, केळं मुलांना चावून खाऊ द्या. चावताना लाळ सुटते, आणि फळाबरोबर चोथाही पोटात जातो.

मग प्यायला द्यायचं काय? पाणी. दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक, नाचणीची ताकातली आंबील, बिनसाखरेचं दूध, क्वचित शहाळं. पासलीच्या मुलाला याहून दुसरं काही लागत नाही. एवढा पाऊस पडणाऱ्या या डोंगरात एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना हंड्यासाठी चालावं लागतं, हे मी विसरलेलो नाही. अशा दिवसांत दुकानातली थंड बाटली पाण्यापेक्षा सोपी वाटते. तरी शाळेच्या दप्तरात घरच्या पाण्याची बाटली रोज जायलाच हवी. गोड पेयानं तहान भागत नाही, थोड्या वेळानं पुन्हा लागते.

सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे दाताची राखण करणारंच कुणी नसतं. बाळ गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपी जातं तेव्हा ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते म्हणून ते बहुतेक वाचतात; वरचे चार किडतात. तुमचं मूल वर्षा-दीड वर्षाचं असेल तर उजेडात त्याचा वरचा ओठ हळूच उचलून बघा. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजा. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. रात्रीची बाटली बंद केली आणि फ्लोराइडची पेस्ट सुरू केली तर कीड थांबू शकते. रेघ पिवळी-तपकिरी झाली की वेळ निघत चालली. आईचं दूध बाळाला हवंच आहे, ते तोडू नका. मात्र दात आल्यावर रात्री पाजून झालं की ओल्या स्वच्छ फडक्यानं दात पुसून घ्या. बाटली सोडवायची असेल तर तिच्यात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी राहतं आणि मूल स्वतःच ती सोडतं. वर्षाच्या आत वाटी-चमचा किंवा पेला लावलेला उत्तम. चोखणीला मध लावायची पद्धत कायमची सोडा. दातांचा प्रश्न तर आहेच, शिवाय वर्षाखालच्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. खोकल्याची गोड औषधंही झोपण्याच्या आधी द्यायची वेळ आली तर नंतर दोन घोट पाणी पाजा.

‘दुधाचे दात, पडायचेच आहेत, कशाला खर्च?’ हे वाक्य मी पुण्यातल्या शिकलेल्या घरांतही ऐकलं आहे, त्यामुळे ते खेड्याच्या माथी मारत नाही. पण ते चूक आहे. दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात, दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पुढची सहा-सात वर्षं एका बाजूनं चावणं, रात्री ठणकून उठणं, वर्गात गालावर हात ठेवून बसणं. दुखतं म्हणून मूल भाकरी टाळतं आणि मऊ गोड बिस्किटं मागतं, त्यानं आणखी कीड वाढते. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. ही क्वचित घडणारी गोष्टही नव्हे. भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांत कीड सापडली होती.

आणि आता सहाव्या वर्षीच्या दाढेबद्दल, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. साधारण सहाव्या वर्षी, मूल पहिलीत जातं त्या सुमाराला, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे वर-खाली दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ उगवते. ती येण्यासाठी कुठलाच दात पडत नाही. त्यामुळे आईला कळतच नाही की हा आयुष्यभराचा दात आहे. तिला वाटतं, हाही दुधाचाच. ती अर्धवट उगवलेली असते तेव्हा मुलाचा ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही, तिच्यावरच्या खाचा खोल असतात, कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. नेमक्या याच वयात मुलाच्या हाती पहिल्यांदा खाऊचे पैसे येतात. नववी-दहावीत दाढ काढायची वेळ येणाऱ्या मुलांची बहुतेक वेळा ही दाढ गेलेली असते, आणि तिच्या जागी पुन्हा काही उगवत नाही. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून आज त्या चार दाढा शोधा.

दात घासण्याबद्दल थोडक्यात. पहिला दात दिसला, साधारण सहाव्या महिन्यात, की सुरुवात. पेस्ट फ्लोराइडची, वेष्टनावर १००० पीपीएम लिहिलेली. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. फेस थुंकायला सांगा, चुळांवर चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नका. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्याच्या हातात हवा. मुलाला मांडीवर आडवं घेऊन मागून घासलं तर दाढा नीट दिसतात. कडुनिंबाची काडी मोठ्यांना ठीक, पण तिनं लहान मुलाच्या मागच्या दाढा साफ होत नाहीत, आणि तिच्यात फ्लोराइड नसतं.

मिश्रीबद्दल मला कळवळून सांगायचं आहे. आमच्या मावळात कित्येक बाया सकाळी मिश्री लावल्याशिवाय चूळ भरत नाहीत, आणि शेजारी बसलेली नात बोटावर चिमूटभर मागते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्येच बंदी केली. मिश्रीनं दात साफ होतात हे खरं नाही, हिरड्या मात्र खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट उघडते. आजीनं स्वतः सोडली तर फार चांगलं. तोवर निदान नातवंडांच्या बोटाला ती लागू देऊ नये.

घरचं सांभाळलं तरी बाहेरचं उरतंच. गणपतीला, होळीला मुंबई-पुण्याहून घरी येणारे काका दोन लिटरची बाटली आणतात, त्यात प्रेम असतं. त्यांना फोनवर आधीच सांगा की पोरांसाठी फळं आणा, चेंडू आणा, रंगपेटी आणा. बाटली आलीच तर जेवणाच्या ताटावर सगळ्यांना पेलाभर वाटून त्या बैठकीत संपवा. फडताळात ठेवली की मुलं दोन दिवस येता-जाता तोंड लावतात. जत्रेला मुलानं एक गोळा खाल्ला तर खाऊ द्या, त्यावरून त्याला रडवू नका. दात जत्रेनं बिघडत नाहीत, रोजच्या सवयीनं बिघडतात. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, मेद असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ ठेवायला मनाई केली. गावातला दुकानदार आपलाच माणूस असतो. ग्रामसभेत त्याला न दुखावता सांगा की शाळा सुटायच्या वेळेला बाटल्या मागे ठेव, पुढे शेंगदाणे, फुटाणे, चिक्कीऐवजी केळी ठेव. आणि त्यानं ठेवली तर ती विकत घ्या.

दाढ दुखायलाच लागली तर? कोमट मीठपाण्यानं चूळ, अडकलेला घास काढणं आणि मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढं घरी. दुखऱ्या दाढेवर गोळी चुरून ठेवू नका, हिरडी भाजते. तंबाखू, तपकीर, बॅटरीतलं पाणी यांतलं काहीही लावू नका. हिरडीवर पुळी येऊन आपोआप फुटली आणि दुखायचं थांबलं, तर बरं झालं असं समजू नका. आतला पू तसाच असतो. गाल सुजला, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी मुलाला रुग्णालयात न्या. वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, भोरचं उपजिल्हा रुग्णालय या जवळच्या जागा. ठरवून उपचार करायचे असतील तर नसरापूर, चेलाडी करत कात्रजवरून पुण्यात शिरताना धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं आहे. अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. कीड लवकर सापडली तर प्रत्येक वेळी यंत्रानं कोरावंच लागतं असं नाही. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचं औषध किडक्या भागावर लावलं की कीड थांबते. तो भाग काळा पडतो, पण लहान मूल न रडता घरी येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा भरून घेण्याबद्दलही विचारा.

एक सोय तर दारात येते, आणि तिचा उपयोग फार कमी लोक करून घेतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा प्रत्येक मुलाला तपासतं. दातांची कीड त्या तपासणीत धरलेली आहे आणि पुढचे उपचार मोफत असतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना किंवा गुरुजींना आधी विचारून ठेवा. त्या दिवशी कामाला दोन तास उशीर झाला तरी चालेल, मुलासोबत जा. डॉक्टरांना त्याचं तोंड उघडून दाखवा, मागच्या दाढा बघायला सांगा, आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन त्याच आठवड्यात रुग्णालय गाठा.